निशाण कोणाचं, माल कोणाचा

पहिलं महायुद्ध पेटलेलं असताना, 1914च्या हिवाळ्याच्या तोंडाशी न्यूयॉर्कहून कोपनहेगनला चार आगबोटी निघाल्या. 'किम', 'आल्फ्रेड नोबेल' आणि 'ब्यॉर्नसन' नॉर्वेच्या, 'फ्रिडलंड' स्वीडनची. पोटात शिकागोच्या बड्या कंपन्यांचं मांस आणि डुकराची चरबी. पाठवणारा देश तटस्थ, बोटी तटस्थ, बंदरही तटस्थ. तरीही ब्रिटिश आरमाराने त्या चारही अडवल्या.

कागदावर या माल धाडणाऱ्यांची बाजू भक्कम होती. क्रिमियन युद्धानंतर, 1856च्या पॅरिस जाहीरनाम्यात ब्रिटननेच मान्य केलं होतं, की तटस्थ निशाणाखालचा शत्रूचा मालसुद्धा सुरक्षित. अपवाद फक्त युद्धनिषिद्ध मालाचा. पण युद्धनिषिद्ध म्हणजे काय, हे तिथे ठरलंच नाही. 1909च्या लंडन जाहीरनाम्याने याद्या केल्या: तोफा-दारूगोळा कायमचा निषिद्ध, अन्नधान्य शत्रूच्या फौजेसाठी किंवा सरकारसाठी असेल तरच, कापूस मोकळा. या जाहीरनाम्यासाठी लागणारं विधेयक 1911मध्ये लॉर्डांच्या सभागृहाने फेटाळलं. युद्ध पेटल्यावर ब्रिटनने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं, आणि 1915च्या ऑगस्टात तो मोकळा कापूसही निषिद्ध ठरवला. कापसापासून स्फोटकं होतात हे 1909मध्ये कोणाला ठाऊक नव्हतं, असं थोडंच आहे!

चरबीचा खटला लंडनच्या प्राइझ कोर्टात, म्हणजे युद्धात समुद्रावर पकडलेल्या मालाचा निवाडा करणाऱ्या न्यायालयात, सर सॅम्युएल इव्हान्स यांच्यापुढे चालला. त्यांनी थेट हिशेब मांडला. युद्धापूर्वी डेन्मार्क वर्षाला सरासरी सुमारे साडेचौदा लाख पौंड चरबी आयात करी. या चार बोटींतच ती एक कोटी नव्वद लाख पौंडांच्या वर होती, म्हणजे वर्षाच्या गरजेच्या तेरापट. डेन्मार्क तर स्वतःच डुकराचं मांस विकणारा देश. चरबीतून ग्लिसरीन निघतं आणि ग्लिसरीनमधून स्फोटकं. कोपनहेगन हा फक्त मधला मुक्काम, खरा मुक्काम जर्मनी, असा निष्कर्ष काढून सप्टेंबर 1915मध्ये बहुतेक माल जप्त झाला.

हिशेब बिनतोड आहे, पण मराठी वाचकाला इथे कान्होजी आंग्रे आठवल्याशिवाय राहत नाहीत. 1713मध्ये त्यांनी मुंबईचा गव्हर्नर एस्लाबी याच्याशी तह केला. इंग्रज व्यापाऱ्यांच्या गलबतांना त्रास नाही. मात्र इंग्रजांनी आपलं संरक्षण फक्त इंग्रजांच्याच गलबतांना द्यायचं. पुढे इंग्रजी परवान्याच्या आडून दुसऱ्याच सावकारांचा माल जातोय, या संशयावरून खटके उडाले. निशाणावर न थांबता मालाचा धनी कोण हे विचारणाऱ्या आंग्र्यांना इंग्रज चाचा म्हणत. दोनशे वर्षांनी लंडनच्या न्यायाधीशाने तोच प्रश्न विचारला, तेव्हा तो न्यायनिवाडा झाला. आंग्र्यांची प्रत्येक जप्ती योग्यच होती असं नाही. पण प्रश्न त्यांचा रास्त होता.

ब्रिटिश न्यायसंस्थेच्या बाजूनेही एक नोंद करायला हवी. 'झामोरा' या स्वीडिश बोटीवरचं तांबं सरकारला निकालाआधीच हवं होतं. 1916मध्ये अपील ऐकणाऱ्या प्रिव्ही कौन्सिलने बजावलं, की प्राइझ कोर्ट आंतरराष्ट्रीय कायदा चालवतं. राजाज्ञेने तो बदलता येत नाही. निवाडा बाणेदार होता. आरमाराची नाकेबंदी मात्र तशीच चालू राहिली, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात, नोव्हेंबर 1939मध्ये, जर्मनीने समुद्रात सुरुंग पेरल्याचं कारण देत, ब्रिटनने तटस्थ बोटींवरची जर्मन निर्यातही पकडण्याचा हुकूम काढला.