गाडी शहाणी झाली, आपलं काय?

मे महिन्यातली टळटळीत दुपार. आमच्या धाकट्या दिरांनी नवी गाडी घेतली होती आणि तिचं कौतुक जेवणाच्या पानावरही संपत नव्हतं. "वहिनी, बघा हं, इथे बसल्या बसल्या गाडी सुरू करतो. आपण निघेपर्यंत आत थंडगार!" असं म्हणून त्यांनी किल्लीवरचं बटण दाबलं. खाली घरघर ऐकू आली. सगळ्यांनी वाहवा केली. मग आमरसाची वाटी पुढे आली आणि विषय बदलला.

मी पाणी आणायला खाली गेले, तर धुराचा वास! धूळ येते म्हणून गॅरेजचं शटर ओढलेलं आणि लागूनच्या खोलीत सासूबाई झोपलेल्या. ओरडून गाडी बंद करायला लावली, त्यांना हाताला धरून अंगणात आणलं. "काय व्हयनं वं?" त्या विचारत होत्या. माझे पाय मात्र लटलटत होते. गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला ना रंग, ना वास. बंद जागेत माणूस झोपेतच जाऊ शकतो.

मैत्रिणींनो, याचा अर्थ ही सोय वाईट, असं नाही. नंदुरबार-शहाद्याच्या उन्हात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तान्हं बाळ किंवा आजारी माणूस घेऊन निघायचं असेल, तर गाडी आधी गार झालेली बरीच. कंपनीतून आलेल्या गाडीत दारं लॉक आणि गिअर जागेवर असल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. बहुतेक गाड्यांत साधारण 10 मिनिटांनी ते आपोआप बंद होतं. पण शटर उघडं आहे की बंद, हे तिला कळत नाही. ते आपणच बघायचं!

अलार्मचंही तसंच. कोणी दार उचकटलं की गाडी बोंब मारते. काही किल्ल्यांवर धोक्याचं बटण असतं. रात्री एकटी बाई गाडीकडे जात असेल, तर ते दाबून गल्ली जागी करता येते. पण उगाच वाजणाऱ्या अलार्मकडे लोक 'लांडगा आला रे' म्हणून दुर्लक्ष करतात. खरा भरवसा इमोबिलायझरचा. किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय तो इंजिन चालू होऊ देत नाही.

काही जण पैसे वाचवायला बाहेरच्या दुकानातून रिमोट स्टार्ट बसवून घेतात. त्यासाठी कधीकधी जादा किल्लीची चिप गाडीतच लपवतात. म्हणजे कुलूप लावायचं आणि किल्ली पायपुसण्याखाली ठेवायची! शिवाय वायर कापल्या की वॉरंटीचा वाद होतो तो वेगळाच. कंपनीची सोय महाग पडते. बऱ्याचदा ती वरच्या मॉडेलमध्येच मिळते. केवळ त्यासाठी हप्ता वाढवायचा का, हे घरात बसून ठरवा. मोबाइलवरून चालणारी सोय नेटवर्कवर अवलंबून असते, आणि तोरणमाळच्या घाटात रेंज गेली की मोबाइल नुसता हातात धरायचा.

कायदाही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 नुसार सार्वजनिक जागी चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर गाडी बंद करून ब्रेक लावावा, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी सोय करावी लागते. तेव्हा भर बाजारात इंजिन चालू ठेवून भाजी घ्यायला जाऊ नका.

एवढं मात्र करा. शटर पूर्ण उघडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. किल्ली मुलांच्या हाती खेळणं म्हणून द्यायची नाही. एसी चालू आहे म्हणून लेकराला गाडीत एकटं सोडायचं नाही, कारण इंजिन बंद पडलं की तीच गाडी भट्टी होते. दोन्ही किल्ल्या जपून ठेवा, चोरी झाली तर विमा कंपनी दोन्ही मागते. आणि रिमोट स्टार्ट नसेल तर हिरमुसू नका. चारही दारं दोन मिनिटं उघडी ठेवा, काचा खाली करून थोडं अंतर जा, मग एसी लावा. गरम हवा निघून जाते.

आता आमच्याकडे किल्ली देवघराशेजारच्या खुंटीवर असते. दीर बटण दाबण्याआधी खाली वाकून शटर बघतात, आणि सासूबाई वरच्या खोलीत झोपतात.