भिंतीवरचा मोठा कोळी आणि अंगावरचे फोड: दोष नेमका कोणाचा?

घड्याळामागून किंवा कपाटाच्या फटीतून तळहाताएवढा तपकिरी कोळी भिंतीवर आला की घरात धांदल उडते आणि बहुधा झाडू किंवा चप्पल त्याचा निकाल लावते. भारतातील घरांमध्ये आढळणारा हा मोठा कोळी बहुतेक वेळा ‘हेटरोपोडा व्हेनाटोरिया’ या प्रजातीचा असतो. कार्ल लिनियस यांनी १७६७ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नावातील ‘व्हेनाटोरिया’ या शब्दाचा संबंध शिकारीशी आहे, आणि तो सार्थ आहे.

हा कोळी भक्ष्य पकडण्यासाठी जाळे विणत नाही. छताच्या कोपऱ्यातील जळमटे त्याची नव्हेत. ती लांब, काटकुळ्या पायांच्या दुसऱ्याच कोळ्यांची असतात. हा दिवसा फटीत दडून राहतो आणि रात्री झुरळांसारख्या कीटकांवर झडप घालतो. पाय पसरल्यावर तो १० ते १२ सेंटीमीटरपर्यंत भरतो. शरीर मात्र जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटरचे असते. खेकड्याप्रमाणे बाजूला वळलेल्या पायांमुळे तो अगदी अरुंद फटीतही शिरतो. मादीच्या पोटाखाली दिसणारी फिकट, चपटी चकती म्हणजे तिची अंड्यांची पिशवी.

कोळ्याचे पाय मिटतात स्नायूंनी, पण उघडतात ते मुख्यतः शरीरातील द्रवाच्या दाबाने. हा दाब संपल्यामुळेच मेलेल्या कोळ्याचे पाय आत वळलेले दिसतात.

त्याला विष असते, परंतु ते कीटकांना निष्प्रभ करण्यासाठी. माणसाची चाहूल लागताच तो पळ काढतो. हाताखाली दाबला गेल्यास किंवा मादी अंडी सांभाळत असल्यास चावा घेऊ शकतो. मात्र त्याचा परिणाम सहसा त्या जागेपुरत्या वेदना आणि सुजेपलीकडे जात नाही.

तरीही सकाळी अंगावर फोड दिसले की ‘रात्री कोळी फिरला असेल’ असा निष्कर्ष काढला जातो. हा समज देशाच्या अनेक भागांत आहे आणि खरा धोका त्यातच आहे. पावसाळ्यात दिव्याकडे येणारा नारिंगी-काळ्या रंगाचा ‘पेडेरस’ हा चिमुकला भुंगेरा त्वचेवर चिरडला गेला, तर त्याच्या शरीरातील ‘पेडेरिन’ या दाहक द्रव्यामुळे साधारण एक-दोन दिवसांत लालसर रेघ आणि फोड उमटतात. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे वेदनादायक फोड आले असतील, तर ती नागीण असू शकते. नागिणीवरील विषाणूरोधक औषधे फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केल्यास अधिक गुणकारी ठरतात. कोळ्याला दोष देऊन लेप लावण्यात नेमका हाच वेळ निघून जातो.

भीतीपोटी होणारे उपचार किती घातक ठरू शकतात, याची चर्चा २०१२ मध्ये आसाममधील सदिया परिसरात झाली. कोळी चावल्याच्या तक्रारींनंतर तेथे दोघांच्या मृत्यूचे वृत्त आले. दोघांनाही आधी मांत्रिकांकडे नेण्यात आले होते आणि जखमा पात्याने कापण्यात आल्या होत्या. शवविच्छेदन न झाल्याने मृत्यू विषाने झाला की अशा उपचारांनी, हे निश्चित होऊ शकले नाही.

अर्थात, सर्वच मोठे कोळी सारखे नसतात. दाट केसाळ, जाडजूड टारँटुला प्रामुख्याने बिळांत किंवा झाडांच्या ढोलीत राहतात; क्वचित घरातही येतात. त्यांच्यापैकी काहींच्या चाव्याने स्नायूंमध्ये तीव्र पेटके येतात. अशा कोळ्याला हात लावू नये.

कोणताही कोळी चावल्यास जागा साबण-पाण्याने धुऊन बर्फाने शेकावी. जखम कापू किंवा चोखू नये. वेदना पसरल्यास, पेटके आल्यास किंवा श्वास लागल्यास थेट रुग्णालय गाठावे. भिंतीवरील कोळ्यासाठी कीटकनाशकाच्या फवाऱ्याची गरज नाही. रुंद तोंडाची बरणी त्याच्यावर पालथी धरून खालून जाड पुठ्ठा सरकवावा आणि त्याला अंगणात सोडावे. तो पुन्हा परतलाच, तर घरात झुरळे आहेत का, हे आधी पाहिलेले बरे.