‘कमर में दर्द है’ एवढ्यानं भागत नाही : हैदराबादला जुनं दुखणं दाखवायला जाताना

दिलसुखनगर (हैदराबाद) : नांदेडची गाडी काचीगुड्याला सोडते, देगलूर-उदगीरकडची बस महात्मा गांधी बस स्थानकात. बस स्थानकापासून मेट्रोच्या लाल मार्गावर चौथं स्टेशन दिलसुखनगर. हातात एक्स-रे आणि एमआरआयची मोठी पिशवी, सोबत इथंच क्लाससाठी होस्टेलवर राहणारा पुतण्या. तोच दुभाषा. डॉक्टर विचारतात, "क्या तकलीफ है?" पुतण्या सांगतो, "कमर में दर्द है." दोन वर्षांचं दुखणं चार शब्दांत संपतं. मग नवी तपासणी, नव्या गोळ्या आणि परतीची गाडी.

सीमाभागातल्या अनेक घरांना ही फेरी ओळखीची आहे. फेरी वाया जाते ती बऱ्याचदा डॉक्टर चुकीचे म्हणून नाही, तर माणसाचं अर्धं दुखणं सांगायचंच राहून जातं म्हणून.

तीन महिन्यांनंतरचं दुखणं वेगळं

हाड मोडलं, जखम झाली, तर दुखणं हा धोक्याचा इशारा असतो. जखम भरली की तो थांबतो. पण तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला वैद्यकशास्त्र ‘दीर्घकालीन वेदना’ म्हणतं. अशा वेळी मज्जासंस्थाच जास्त हळवी झालेली असू शकते. चोर येऊन गेल्यावर राखणीचं कुत्रं पानाच्या सळसळीलाही भुंकतं, तसंच हे. दुखणं खरंच असतं, मनाचे खेळ नसतात. मात्र त्यात झोप, चिंता, कामाचा ताण, घरची परिस्थिती या सगळ्यांचा वाटा असतो.

मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये दाखवून दिलं, की वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत जसेच्या तसे पोचत नाहीत. मणक्यातल्या मज्जारज्जूत जणू एक फाटक असतं, ते कमी-जास्त उघडतं. म्हणूनच मार लागलेली जागा चोळली की बरं वाटतं, आणि रात्री जागरण झालं की तेच दुखणं दुप्पट वाटतं.

ठणका वेगळा, मुंग्या वेगळ्या

याच मेलझॅक यांनी 1975 मध्ये वेदनेच्या शब्दांची प्रश्नावली तयार केली. रुग्ण कोणता शब्द वापरतो, यावरून दुखण्याची जात कळायला मदत होते. मराठीत असे शब्द भरपूर आहेत : ठणका, कळ, सणक, चमक, आग, मुंग्या, बधिरपणा, अवघडणं. हिंदीत सांगताना या सगळ्यांचं एकच ‘दर्द’ होतं.

पायात आग होणं, मुंग्या येणं, करंट लागल्यासारखी चमक खाली जाणं ही लक्षणं नसेच्या दुखण्याकडे बोट दाखवतात. त्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्याची औषधं वेगळी असतात. त्यातली काही मुळात नैराश्याची किंवा फिट्सची. हे माहीत नसेल तर घरी आल्यावर माणूस म्हणतो, "डॉक्टरनं मला वेडं ठरवलं," आणि गोळी बंद करतो.

एमआरआयमधली ‘खराबी’

रिपोर्टवर ‘डिस्क बल्ज’ वाचून घाबरणारे खूप. पण पाठदुखी अजिबात नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा एकत्रित अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या 84 टक्के लोकांमध्ये असा फुगवटा आढळला. केस पिकावेत तसाच हा वयाचाही भाग असतो. रिपोर्ट आणि त्रास जुळतो का, हे तपासणारे डॉक्टरच सांगू शकतात. म्हणून विचारावं, "माझा त्रास या फोटोतल्या दोषामुळेच आहे का?"

मग उपचार कशाचे?

जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर 2023 मध्ये जुन्या कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यात रुग्णाला नीट समजावून सांगणं, व्यायाम, मानसोपचाराची मदत आणि गरजेपुरती औषधं यांवर भर आहे. कंबरेचा पट्टा, वजन लावून ओढणं (ट्रॅक्शन) आणि अफूजन्य वेदनाशामकं बहुतेकांना सरसकट देऊ नयेत, असंही त्यात म्हटलं आहे. वेदनाशामक गोळ्या मनानं महिनोन्‌महिने घेतल्या तर जठर आणि किडनीला इजा होऊ शकते. बीपी-शुगर असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं.

व्यायामाइतकंच महत्त्वाचं म्हणजे काम वाटून घेणं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी खुरपणी उरकायची आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढायचे, हे चक्र दुखणं वाढवतं. अर्धा तास काम, मग थोडी विश्रांती, आणि दर आठवड्याला हळूहळू वाढ. दुखलं नाही तरी ठरल्या वेळी थांबायचं.

मनाचं काय?

दिलसुखनगरहून पुढे, नागार्जुनसागर रस्त्यावर वनस्थळीपुरमजवळ ‘धम्मखेत्त’ हे विपश्यना केंद्र आहे. ही परंपरा भारतात आणणारे सत्यनारायण गोएंका म्यानमारमध्ये उद्योजक होते. तीव्र अर्धशिशीसाठी त्यांना मॉर्फिन घ्यावं लागे. 1955 मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा फक्त डोकेदुखीसाठी येत असाल तर शिकवणार नाही, असं गुरूंनी सांगितलं. पुढे 1979 मध्ये जॉन काबात-झिन यांनी अमेरिकेतल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जुन्या दुखण्याच्या रुग्णांसाठी ध्यानाचा कार्यक्रम सुरू केला. ध्यानामुळे दुखणं नाहीसं होतंच असं नाही. दुखण्याभोवतीची भीती मात्र कमी होऊ शकते. दहा-दहा तास बसणं कंबरदुखीत झेपेलच असं नाही, म्हणून आधी डॉक्टरांना विचारलेलं बरं. झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन 14416 वर मोफत आहे.

जाण्याआधी एका कागदावर लिहा

• दुखणं कधीपासून, कुठून कुठे जातं आणि कसं आहे. मराठी शब्दच लिहा. पुतण्याला त्याचा अर्थ आदल्या दिवशी समजावून सांगा.
• कशानं वाढतं, कशानं थांबतं. झोप किती तास लागते.
• कोणतं काम सुटलं : शेत, शिलाई, पाणी भरणं, नातवाला उचलणं.
• आजवरच्या सगळ्या गोळ्या, काढे आणि पुड्याही. लेबल नसलेल्या पुडीत स्टेरॉइड असू शकतं.
• घरची चिंता, कर्ज, आजारपण. हे सांगण्यात लाज नाही.

इथं मात्र वाट पाहू नका

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत बधिरपणा, पायातली ताकद जाणं, दुखण्यासोबत ताप, कारण नसताना वजन घटणं, पडल्यानंतरची तीव्र कळ किंवा पूर्वी कॅन्सर झालेला असणं. यातलं काहीही असेल तर हैदराबादच्या तारखेची वाट न पाहता जवळचा दवाखाना गाठा.

परतताना डॉक्टरांकडून व्यायाम लिहून घ्या, पुतण्याच्या मोबाईलवर व्हिडिओ काढून घ्या. चिठ्ठी गावाजवळच्या फिजिओथेरपिस्टला दाखवा. हैदराबादची भेट दहा-पंधरा मिनिटांची असते. उरलेला उपचार घरीच, रोज थोडा थोडा करायचा असतो. त्यात घरच्यांनी "काही होत नाही तुला" म्हणणं थांबवलं, तर तीही मोठी मदतच ठरते.