हाकेच्या अंतरावरची माणसे

अमेरिकेतील लहान गावांतून निघणाऱ्या वृत्तपत्रांच्या मृत्युवार्तांत गेली कित्येक वर्षे एक त्रयी वारंवार एकत्र आढळत आली: दुसऱ्या महायुद्धातील सैनिक, गावच्या अग्निशमन दलाचा स्वयंसेवक आणि परवानाधारक हौशी रेडिओचालक. ज्या धंद्यावर त्या गृहस्थाने उभा जन्म संसार चालविला तो एका ओळीत आटोपलेला असतो आणि ज्या कामांपायी त्याला कवडीही मिळाली नाही त्यांचा उल्लेख मात्र सविस्तर असतो. मृत्युलेख लिहिणारे या तीन गोष्टींची वाटणी कर्तव्य, समाजसेवा आणि छंद अशा तीन सदरांखाली करतात. परंतु 1941 पासूनच्या साठ-पासष्ट वर्षांचा मागोवा घेऊ लागले म्हणजे ही वाटणी मला पटेनाशी होते. बोलावणे केव्हा येईल याचा नेम नाही म्हणून कान उघडे ठेवायचे, आणि आले की हातातले काम टाकून उठायचे, ही एकच सवय या माणसांना लागली होती. युद्धाने ती पक्की केली आणि पुढे बंबखान्याने व रेडिओच्या खोलीने ती मोडू दिली नाही.

या इतिहासातील विसंगती अशी, की ज्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर बाँब पडले त्याच महिन्यात सरकारी हुकमाने देशभरची हौशी रेडिओकेंद्रे बंद झाली, आणि ज्यांच्या कळा अशा रीतीने थांबविल्या त्यांनाच हुडकून काढण्याची निकड लष्कराला भासू लागली. मॉर्सची लिपी कानाने उतरून घेणारा जवान तयार करायला महिने लागतात. हे तर घरच्या घरी, पदरमोड करून, आधीच तयार झालेले होते. यंत्रांचीही तीच गत. शिकागोच्या हॅलिक्राफ्टर्स कंपनीने हौशी मंडळींसाठी बनविलेला एचटी-4 नावाचा प्रक्षेपक लष्कराने थोड्याफार फेरफारांनिशी बीसी-610 म्हणून दप्तरी दाखल केला आणि मालमोटारीवर चढवून रणभूमीवर धाडला. नोव्हेंबर 1945 पासून हौशी लहरी टप्प्याटप्प्याने पुन्हा खुल्या झाल्या, तेव्हा परतलेल्या शिपायाला युद्धात हाताळलेली यंत्रे लष्कराच्या शिलकी मालात पडत्या भावाने मिळू लागली. पुढची पंधरा-वीस वर्षे किती तरी तळघरांतील सरंजाम त्याच मालावर उभा होता.

आपल्याकडे बंब म्हटला की तो नगरपालिकेचा आणि बंबवाला पगारी. त्यामुळे भोंगा होताच शिक्षक, किराणा दुकानदार आणि सुतार धावत जाऊन बंब बाहेर काढतात, हे मराठी वाचकाला प्रथम थोडे चमत्कारिकच वाटेल. बेंजामिन फ्रँकलिनने 1736 मध्ये फिलाडेल्फियात युनियन फायर कंपनी स्थापिली तेव्हापासून तिकडे ही रीत रुजलेली असून आजही त्या देशातील अग्निशामकांपैकी बहुसंख्य विनावेतन आहेत. युद्धोत्तर काळात पुष्कळ गावांत शिरस्ता असा असे, की आगीची वर्दी देणारा टेलिफोन एकाच वेळी निवडक घरांतून खणखणे. यजमान कामावर गेलेला असला तर त्याची पत्नी पत्ता उतरून घेई आणि बटण दाबून बंबखान्यावरचा भोंगा सुरू करी. पुढे नेब्रास्कातील प्लेक्ट्रॉन कंपनीचा खोका स्वयंपाकघरातल्या फळीवर येऊन बसला. एरवी हा खोका मुका राही. ठरावीक स्वर लहरींवरून आले म्हणजेच त्याला कंठ फुटे, आणि मग आगीचा पत्ता ऐकू येई. लढाईच्या दिवसांत तासन्‌तास खरखर ऐकत बसलेल्या माणसाला या यंत्राचे मर्म समजावून सांगावे लागले नसेल. वय मात्र कोणाला सोडत नाही. कर्तव्यावर असताना ओढवणाऱ्या अग्निशामकांच्या मृत्यूंत तेथे सर्वाधिक वाटा हृदयविकाराचा राहत आला आहे. साठी उलटलेला स्वयंसेवक अपरात्री गाढ झोपेतून उठून जड कोट अंगावर चढवून धावतो, यातच त्याचा बराचसा उलगडा आहे.

रेडिओचा परवानाही फुकटचा मान नव्हता. 1951 पासून नवशिक्यांसाठी मॉर्सच्या लिपीत मिनिटाला 5 शब्दांची पहिली पायरी आली. तिच्यावर 13 आणि सर्वांत वरच्या वर्गाला 20. इतके करून मिळवायचे काय, तर परक्या माणसांशी हवापाण्याच्या गप्पा, अशी थट्टा घरोघर होत असणार. 27 मार्च 1964 रोजी अलास्कात 9.2 तीव्रतेचा भूकंप होऊन टेलिफोनच्या तारा तुटल्या आणि नातेवाइकांच्या खुशालीचे निरोप याच गप्पिष्ट केंद्रांवरून जाऊ-येऊ लागले, तेव्हा त्या थट्टेला परस्पर उत्तर मिळाले.

तरीही मला विशेष मोलाचे वाटते ते व्हिएतनामच्या वर्षांतील काम. लष्कराशी संलग्न अशा स्वयंसेवी रेडिओसंघटनेमार्फत तिकडचा शिपाई लघुलहरींवरून अमेरिकेतील एखाद्या हौशी केंद्राशी जोडला जाई; तेथला चालक शिपायाच्या घरी टेलिफोन लावी आणि दोन्ही टोके आपल्या यंत्रावर एकत्र आणी. एका वेळी एकालाच बोलता येत असल्यामुळे प्रत्येक वाक्याअंती ‘ओव्हर’ म्हणायचे, हे आईला आधी शिकवावे लागे, आणि ती माउली ते हमखास विसरे. मग मुलाचे उत्तर यावे म्हणून चालक स्वतःच अंदाजाने बटण फिरवी. ‘जेवतोस ना वेळेवर, ओव्हर’ अशा चालीची ती संभाषणे. प्रेमाची कबुली असो की बापाच्या आजारपणाची बातमी, सगळे काही त्या तिऱ्हाइताच्या कानांवरूनच जायचे. ऐकून न ऐकल्यासारखे करणे हाही त्याच्या कामाचा भाग होता. सेनेटर बॅरी गोल्डवॉटर हे स्वतः जुने रेडिओचालक. ॲरिझोनातील त्यांच्या केंद्रावरून स्वयंसेवकांनी पाळ्या लावून अशी दोन लाखांहून अधिक संभाषणे जोडून दिली. ज्या युद्धाचे ते कट्टर पुरस्कर्ते होते त्यातल्याच पोरांचे आवाज त्यांच्या अंगणातून घरोघर पोचत होते, हे त्यांच्या राजकारणाबद्दल काहीही मत असले तरी विसरता येत नाही.

या पिढीचे गोडवे गाताना एक गोष्ट दृष्टीआड होऊ नये. या अग्निशमन दलांची दारे दीर्घकाळ बहुतेक ठिकाणी गोऱ्या पुरुषांपुरतीच उघडी होती. आणि भोंग्याचे बटण जिने दाबले, आगीच्या जागी कॉफी व पाव पोचविले, दलाच्या मदतनिधीसाठी रांधले, त्या पत्नीच्या मृत्युवार्तेत पुष्कळदा ‘अमक्याची विधवा’ एवढीच नोंद उरली. फुकट मिळणाऱ्या सेवेची किंमत कोणी ना कोणी मोजत असतोच. येथे ती बव्हंशी घरातल्या बाईने मोजली, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता ती पिढी जवळजवळ संपली. 1984 मध्ये अमेरिकेत सुमारे 9 लाख स्वयंसेवी अग्निशामक होते. 2020 मध्ये ते पावणेसात लाखांच्या आसपास आले. गावाबाहेर दूरवर नोकरीला जाणाऱ्याला दुपारी दोनच्या भोंग्यासाठी परतता येत नाही, आणि आवश्यक प्रशिक्षणाचे तासही वाढत गेले आहेत. रेडिओची गोष्ट वेगळी: 2007 मध्ये मॉर्सची परीक्षा साफ उठली, जुन्या मंडळींनी कपाळाला हात लावला, पण परवानाधारकांची संख्या काही रोडावली नाही.

तेथील नियमाप्रमाणे रेडिओचा परवानाधारक वारला म्हणजे त्याची कॉल साइन, म्हणजे लहरींवरचे त्याचे ओळखनाव, दोन वर्षे दुसऱ्या कोणाला मिळत नाही. निकटच्या नातलगाला किंवा नातलगांच्या संमतीने स्थानिक मंडळाला मात्र ती त्याआधीही मागता येते. अमेरिकेतील हौशी रेडिओचालकांची राष्ट्रीय संघटना 1914 मध्ये उभी करणारे हायरम पर्सी मॅक्सिम 1936 साली निवर्तले. त्यांची डब्ल्यू1एडब्ल्यू ही कॉल साइन कनेक्टिकटमधील न्यूइंग्टन येथील संघटनेचे केंद्र आजही वापरते.