तारीख एक, अर्थ दोन

०३/०५/२०२५ ही कोणती तारीख? आपल्याकडे कोणीही सांगेल, ३ मे. अमेरिकेत मात्र ती ५ मार्च म्हणून वाचली जाते, कारण तेथे आधी महिना व मग दिवस लिहिण्याची प्रथा आहे. समजा, एका अमेरिकन कंपनीने पुण्यातील ग्राहकाला बिल पाठवले आणि पैसे भरण्याची मुदत अशी लिहिली. पुण्यातील संगणकाने ती ३ मे मानली, तर रक्कम ५९ दिवस उशिरा जाईल. असे बिल माणसाच्या हाती पडले, तर तो निदान शंका घेईल, पत्र लिहून विचारील. दोन संगणकांमध्ये माहितीची परस्पर देवघेव होते, तेव्हा मध्ये विचारणारे कोणी नसते.

यातही उघड चुकणाऱ्या तारखा फारशा धोक्याच्या नसतात. १३/०५/२०२५ ही तारीख अमेरिकन पद्धतीने वाचू गेल्यास तेरावा महिना निघतो. संगणक ती नाकारतो व चूक लगेच ध्यानात येते. खरा धोका आहे तो दोन्ही प्रकारे अर्थ लागणाऱ्या तारखांचा. अशा तारखा वर्षात किती? दिवस आणि महिना हे दोन्ही आकडे १२ किंवा त्याहून लहान हवेत, म्हणजे १२ × १२ = १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी अशा १२ तारखा उलटल्या तरी त्याच राहतात. उरल्या १३२. वर्षातील एक तृतीयांशाहून अधिक दिवस असे संदिग्ध आहेत!

मग संगणकाने अंदाज का बांधू नये? कारण तेथेच घोटाळा होतो. १३/०५ मध्ये १३ हा दिवसच असणार, असे ठरवून काही प्रोग्रॅम ती १३ मे मानतात. पण त्याच यादीतील ०३/०५ ला ५ मार्च करून मोकळे होतात. एकाच यादीला दोन नियम लागतात आणि कोठेही चुकीची सूचना उमटत नाही.

आकड्यांमध्ये त्यांचा क्रम लिहिलेला नसतो. तो वेगळा सांगावा लागतो. व्यापारी संदेशांसाठी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने तयार झालेल्या ‘एडिफॅक्ट’ या मानकात नेमके हेच केले आहे. त्यात तारखेबरोबर तिच्या मांडणीचा सांकेतिक क्रमांकही पाठवतात. २ म्हणजे दिवस-महिना-वर्ष, ३ म्हणजे महिना-दिवस-वर्ष (या दोन्हींत वर्षाचे दोनच अंक), तर १०२ म्हणजे चार अंकी वर्ष, मग महिना, मग दिवस. ‘२०२५०३०५:१०२’ असे आले, की शंकेला जागाच उरत नाही.

दुसरा उपाय म्हणजे सर्वांनी एकच मांडणी वापरणे. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८८ मध्ये आयएसओ ८६०१ हे मानक प्रसिद्ध केले. त्यानुसार आपली तारीख २०२५-०३-०५ अशी लिहितात. संख्येत जसे शतक, दशक, एकक असे मोठ्याकडून लहानाकडे जातो, तसेच येथे वर्ष, महिना, दिवस. त्यामुळे अशा तारखा नुसत्या अंकांच्या चढत्या क्रमाने लावल्या, तरी आपोआप कालक्रम मिळतो. महिना व दिवस नेहमी दोन अंकांत लिहावे, ही अट मात्र पाळली पाहिजे.

माहिती घेणाऱ्यासाठी पथ्ये तीन : पाठवणाऱ्याची मांडणी आधी लेखी ठरवून घ्यावी, तारखेचे रूपांतर माहिती आत येतानाच एकदा करावे व मूळ नोंद जपून ठेवावी, संदिग्ध तारीख अंदाजाने न स्वीकारता परत पाठवावी.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. विद्यार्थ्यांना आपापल्या जन्मतारखा दिवस-महिना-वर्ष या क्रमाने लिहायला सांगा आणि त्या अमेरिकन पद्धतीने वाचून घ्या. किती तारखा अशक्य ठरल्या, किती तशाच राहिल्या आणि किती मुलांना नकळत नवाच वाढदिवस मिळाला, हे मोजा. संगणकाला न सापडणारी चूक असते ती या तिसऱ्या गटात.