एपिंगचे रान, मध्यरात्रीची कुऱ्हाड आणि आपला एक न्यायाधीश



मे महिन्यात आम्ही नऊ जण एपिंगच्या रानात फिरून आलो. सहा जण सत्तरीच्या पुढचे, तीन नातवंडे. कुणाच्या हातात काठी, कुणाचा गुडघा नवीन घातलेला. तरी जमलं. म्हणून हे लिहितो आहोत, म्हणजे पुढच्या वेळी तुम्हीही याल.

लिव्हरपूल स्ट्रीटहून अर्ध्या तासात गाडी चिंगफर्डला पोचते. स्टेशनपासून थोडं चाललं की पांढऱ्या भिंतींची, लाकडी चौकटीची एक जुनी इमारत दिसते. राजा आठवा हेन्री याने ती 1543 साली बांधवली. आपल्याकडे शिकारीचं माचाण असतं ना, तसंच हे राजाचं माचाण. वर उभं राहून पाहुण्यांनी हरणांची शिकार पाहायची, बाण मारायचे. पुढे 1589 मध्ये राणी एलिझाबेथने ती दुरुस्त करवली, म्हणून आता तिचंच नाव आहे. जिने रुंद आहेत, आम्ही हळूहळू चढलो.

तिथून जवळच कॉनॉट वॉटर हा तलाव. भोवती सपाट वाट आहे, चाकाच्या खुर्चीलाही चालते. तिथे बाकावर बसून थर्मासमधला चहा आणि डब्यातला चिवडा झाला.

मग रानात शिरलो तेव्हा एका नातवाने विचारलं, "या झाडांना एवढे हात का?" प्रश्न बरोबर होता. इथली बीच आणि हॉर्नबीमची जुनी झाडं डोक्याच्या उंचीला छाटलेली असायची. गुरं आणि हरणं कोवळे फुटवे खाऊ नयेत म्हणून इतक्या वर. दर काही वर्षांनी फांद्या तोडायच्या, सरपण घरी न्यायचं, झाड मात्र जिवंत राहायचं. पुढे तोड थांबली आणि त्या फांद्याच खोडासारख्या जाड झाल्या. तेच हे हात.

सरपणाचा हा हक्क लाऊटन गावच्या गरिबांचा होता. रिवाज असा की, 11 नोव्हेंबरच्या मध्यरात्री पहिला घाव घातला पाहिजे, नाहीतर हक्क बुडाला. गोष्ट सांगतात की एका वर्षी जमीनदाराने गावकऱ्यांना भरपूर खाऊपिऊ घातलं, वेळ विसरावी म्हणून. पण थॉमस विलिंगेल नावाचा म्हातारा मजूर उठला, बाराच्या ठोक्याला फांदी तोडून आला! ही झाली दंतकथा. पण 1866 साली त्याच्या घरच्या तरुणांना फांद्या तोडल्याबद्दल तुरुंगात जावं लागलं, हे मात्र खरं. कारण जमीनदार रानाला कुंपणं घालत होते. शेजारचं हेनॉल्टचं रान 1851 च्या कायद्यानंतर असंच बहुतेक तोडलं गेलं होतं.

आता आपल्या लोकांनी लक्ष देऊन वाचावं. लंडन शहराच्या कॉर्पोरेशनने दफनभूमीसाठी रानाच्या कडेला जमीन घेतली होती. त्या जमिनीबरोबर रानात गुरं चारायचा हक्क आला. त्या हक्कावर 1871 मध्ये जमीनदारांवर दावा लावला. 1874 मध्ये निकाल लागला: मागच्या वीस वर्षांतली कुंपणं बेकायदा, काढा! निकाल देणारे न्यायाधीश होते सर जॉर्ज जेसल. मास्टर ऑफ द रोल्स या मोठ्या हुद्द्यावर बसलेले ते पहिले यहुदी. पन्नास वर्षं इकडे राहून आम्हाला हे ठाऊक नव्हतं, लाज वाटली. 1878 मध्ये कायदा झाला आणि 6 मे 1882 रोजी व्हिक्टोरिया राणीने हाय बीच इथे येऊन रान लोकांना दिलं. लाऊटनकरांचा लाकडाचा हक्क गेला, बदल्यात लॉपिंग हॉल मिळाला. तो अजून उभा आहे.

हाय बीचलाच डॉक्टर अॅलन यांचं मनोरुग्णांचं घर होतं. कवी जॉन क्लेअर 1837 पासून तिथे होता. रुग्णांना रानात मोकळं फिरू देत, हे वाचून आमच्यातल्या नर्स मंडळींना फार बरं वाटलं. 1841 च्या जुलैत तो तिथून निघाला आणि ऐंशी मैल पायी चालत घरी गेला. वाटेत भुकेने गवत खाल्लं. घरची ओढ म्हणजे काय, ते आपल्याला कुणी सांगायला नको.

दक्षिणेला वॉन्स्टेड पार्क याच रानाचा भाग. 1673 मध्ये ती जागा ईस्ट इंडिया कंपनीच्या जोशुआ नव्हे, जोसाया चाइल्ड यांनी घेतली (नावात आमचा नेहमी घोटाळा होतो). त्यांच्याच काळात कंपनीने मोगलांशी भांडण काढलं आणि 1689 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीने मुंबईला वेढा घातला. आपले पूर्वज तेव्हा तिकडेच, कोकणात तेल गाळत होते.

परत येताना एकच विचार मनात होता. हक्क कागदावर राहत नाही, वापरला तरच राहतो. आपलंही तसंच आहे. अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर एलियाहू हनाबीची खूण दाखवतात. ती मुलांना कोण दाखवणार? मलिदा कोण करणार? नातवंडांशी मराठी कोण बोलणार? त्या दिवशी मुलांनी रानात "आजी, हळू चाल" एवढं मराठीत म्हटलं. आम्हाला तेवढंही खूप झालं.

ट्यु बिश्वात म्हणजे झाडांचं नवं वर्ष. त्यानंतरच्या रविवारी पुन्हा चिंगफर्डला जायचं ठरलं आहे. पोहे-नारळ-गूळ आम्ही आणू. तुम्ही बूट चांगले घाला, चिखल असतो, आणि नातवंडांना घेऊन या.