जुन्या रेझरची निगा : मुलामा गेला की किंमत गेली

महाड-पोलादपूरकडच्या कोकणी मुसलमान घरांतली माणसे पोटापाण्यासाठी पूर्वी जहाजांवर गेली, दक्षिण आफ्रिकेत गेली, पुढे आखातात गेली. परत येताना पेटीतून घड्याळ, अत्तराची कुपी आणि दाढीचा पितळी रेझरही यायचा. आजोबांचा तो रेझर माळ्यावरच्या ट्रंकेत सापडला की घरचे एक तर तो भंगारात पितळेच्या भावाने घालतात, नाहीतर चिंच लावून लख्ख घासतात. दोन्हींत नुकसानच आहे. जुन्या रेझरचे शौकीन देशात आणि परदेशात आहेत, आणि ते पैसे मोजतात ते मूळ मुलाम्याचे.

सुटे ब्लेड घालायचा रेझर अमेरिकेत जिलेट कंपनीने १९०३ साली विक्रीला काढला. त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडे खपली. त्या काळच्या चांगल्या रेझरचे अंग पितळेचे आणि वर निकेलचा, चांदीचा किंवा सोन्याचा पातळ मुलामा असे. पुढे स्वस्त माल जस्ताच्या मिश्रधातूचा निघाला. तो हातात हलका लागतो, त्यावर पांढरट भुकटी धरते आणि आटे लवकर तुटतात. माल घेताना आटे आधी पाहावेत. पितळी रेझरवर मुलामा झिजलेल्या जागी पिवळे दिसते, ओल मुरली असेल तर हिरवा थर दिसतो.

आपल्याकडे खरा शत्रू ओल. महाडला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पोलादपूर तर घाटाच्या पायथ्याला. मुलाम्याला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत जाते आणि मुलामा आतून सुटतो. म्हणून दाढी झाली की रेझर सैल करावा, वाहत्या पाण्याखाली साबणाचा फेस आणि केस धुऊन काढावेत, पाणी झटकावे, मऊ फडक्याने टिपून घ्यावे आणि उघडाच वाळू द्यावा. ब्लेड पुसू नये. धारही जाते आणि बोटही कापते. आठवड्यातून एकदा सगळे भाग सुटे करून कोमट पाणी, साधा साबण आणि जुना मऊ टूथब्रश वापरला की पुरे. मूठ फिरवली की ज्याची वरची झडपे उघडतात, त्या रेझरच्या सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. पावसाळ्यात चामड्याच्या डबीत रेझर ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

चिंच, लिंबू आणि भांडी घासायची पावडर ही उघड्या पितळेच्या हंड्याकळशांसाठी ठीक. मुलाम्यावर ती चालवली की सोने चार हातांत निघून जाते. संडास धुण्याचे ॲसिड तर दुकानात रेझरजवळ ठेवूच नये. अमोनिया असलेले द्रावण पितळेला तडे पाडते, ब्लीचिंगचे पाणी धातू खाते आणि उकळते पाणी बेकेलाइटच्या मुठीला मानवत नाही. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पाणी मिसळलेला व्हिनेगर दोन-चार मिनिटे लावून लगेच धुवावे. रात्रभर बुडवून ठेवण्याची हौस नको.

२२ जुलै २०२१ च्या पुरात सावित्री-गांधारीचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. तसा गाळ लागलेला माल हाती आला तर कोरड्या फडक्याने पुसू नये, कारण गाळातली वाळू मुलाम्यावर ओरखडे पाडते. आधी भरपूर पाण्याने गाळ सोडवावा, मगच फडके लावावे.

सलूनवाल्या बांधवांनी असा रेझर गिऱ्हाइकासाठी वापरला, तर प्रत्येक दाढीला नवे ब्लेड हवेच. रक्तातून कावीळ आणि एड्सचे जंतू पसरतात. रेझरही धुऊन, वाळवून सत्तर टक्के स्पिरिटमध्ये बुडवावा. साबण राहिलेल्या रेझरवर स्पिरिट नीट काम करत नाही. वापरलेली ब्लेडे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, झाकणाला चीर पाडून टाकावीत. उकिरड्यावर फेकलेले ब्लेड कचरा वेचणाऱ्या पोराच्या हातात जाते.

मुलामा पार उडालेला असेल तर मुंबईत नवा चढवून मिळतो. पण तो रोजच्या वापराच्या रेझरला शोभतो. शौकिनाला झिजलेला मूळ मुलामाच बहुधा जास्त आवडतो, आणि नवा चढवलेला माल विकताना तसे सांगावे लागते.